शिनाण्यांच्या खडकावर

पहिला दिवस, बुधवार

सिअ‍ॅटलजवळच्या एडमंड्सच्या धक्क्यावर गाडी फेरीबोटीत चढवली आणि मागच्या सीटवरून डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला. आईने दशम्या काढल्या होत्या.

"अगं, अजून शहर सुटलं नाही."

"होडीत बसलं की भूक लागतेच," ती म्हणाली. होडी म्हणजे दीडशे-दोनशे गाड्या पोटात घेणारी फेरी, पण रत्नागिरीच्या खाडीकाठी वाढलेल्या बाईला पाण्यावर जे चालतं ते सगळं होडीच.

आम्ही तिघी निघालो होतो. मी, अकरा वर्षांची लेक आणि तीन महिन्यांसाठी आलेली आई. नवऱ्याला रजा मिळाली नाही. आईचं सिअ‍ॅटल पाहून झालं होतं. मनोरा, मासळीबाजार, विमानांचं संग्रहालय, सगळ्याला तिने बरे मार्क दिले. समुद्र मात्र तिला पटला नव्हता. प्युजेट साउंडकडे पाहून पहिल्याच दिवशी तिने "ही खाडीच की गं" असा निकाल दिला होता, आणि तो चूक म्हणता येणार नाही. तेव्हा तिला उघडा पॅसिफिक दाखवायचा, हे एक कारण झालं.

दुसरं कारण माझं. बी.एस्सी.च्या प्राणिशास्त्राच्या पुस्तकात एक आकृती होती: खडक, त्यावर तारामासा, चहूकडे बाण आणि खाली कंसात 'पेन, १९६६', म्हणजे त्या खडकावर प्रयोग करणारा शास्त्रज्ञ आणि त्याच्या लेखाचं साल. पाच मार्कांचा हमखास प्रश्न. पुढे मी सॉफ्टवेअरमध्ये गेले, लग्न होऊन इकडे आले आणि तब्बल बारा वर्षांनी कळलं की तो खडक माझ्या घरापासून गाडीने साडेचार तासांवर आहे.

किंग्स्टन, हूड कॅनॉलचा तरंगता पूल, स्क्विमचं लॅव्हेंडर, पोर्ट एंजेलिस. रस्ता देखणा आहे, एवढं म्हणून पुढे जाते. एल्व्हा नदीपाशी मात्र थांबलो. या नदीवर दोन धरणं होती, एक १९१३चं आणि दुसरं १९२७चं. माशांना वर जायला वाट ठेवलेलीच नव्हती, त्यामुळे जवळजवळ शंभर वर्षं सामन मासा खालच्या पाच मैलांतच अडकून राहिला. २०११ ते २०१४ या काळात दोन्ही धरणं पाडली.

"पाडली? मुद्दाम?" आईने दोनदा विचारलं. "आमच्याकडे धरणासाठी गावं उठवतात."

सामन समुद्रात खाऊन-पिऊन गलेलठ्ठ होतो, अंडी घालायला नदीत चढतो आणि तिथेच मरतो. म्हणजे समुद्रातलं अन्न डोंगरात पोचतं, अस्वलाच्या पोटात, पाखरांच्या चोचीत, झाडाच्या मुळाशी. हे मी लेकीला समजावत होते तेवढ्यात आई म्हणाली, "पावसाळ्यात वलगणीचे मासे चढतात तसं." तसंच, पण उलट हिशोबाने: वलगणीचा मासा वर खायला जातो, हा वर खाऊ घालायला जातो.

पुढचा ११२ नंबरचा रस्ता म्हणजे नुसती वळणं. उजव्या हाताला सामुद्रधुनी, पलीकडे कॅनडाचं व्हँकुव्हर बेट. दुपारी निआ बेला पोचलो. हा मकाह या आदिवासी लोकांचा मुलूख. पाहुण्यांना किनाऱ्यावर फिरायला त्यांचा पास घ्यावा लागतो, तो एका दुकानात मिळाला. संध्याकाळी केबिनच्या समोर लांबच लांब पुळण आणि तिच्यावर एकामागून एक येणाऱ्या लाटा. आई शाल गुंडाळून बराच वेळ उभी राहिली.

"हा समुद्र," ती म्हणाली. आणि मग, "आज ज्येष्ठ अमावास्या. पाणी आता चांगलं लांब जाईल."

दुसरा दिवस, गुरुवार

या दिवसाची फजिती सर्वस्वी माझी.

भरती-ओहोटीची वेळ मी आठवडाभर आधीच फोनवर काढून ठेवली होती. ओहोटी दुपारच्या आधी. म्हणून निवांत उठलो, चहा झाला, पोहे झाले, साडेदहाला खडकांकडे निघालो. वाळूतून चालताना आई थबकली. "पाणी चढतंय."

"नाही गं, अजून उतरायचंय."

"ती ओली रेघ बघ कुठे आहे आणि पाणी कुठे आहे."

फोन पुन्हा उघडला. मी सिअ‍ॅटलची वेळ पाहत होते. उघड्या किनाऱ्यावरची ओहोटी सामुद्रधुनी ओलांडून आत सिअ‍ॅटलपर्यंत पोचायला काही तास लागतात. इथली ओहोटी सकाळी लवकरच होऊन गेली होती. बारा वर्षांनी इथवर पोचले आणि पाण्याखाली गेलेल्या खडकाकडे पाहून परत फिरले. "उद्या मला विचार," आई एवढंच बोलली, आणि तेच जास्त लागलं.

मग मकाह संग्रहालय. ते एक तासाचं म्हणून गेलो आणि दुपार तिथेच गेली. ओझेट नावाचं त्यांचं समुद्राकाठचं गाव काही शतकांपूर्वी दरड कोसळून गाडलं गेलं. चिखलात हवा पोचली नाही, म्हणून लाकूड, दोर, टोपल्या सगळं टिकलं. १९७०पासून अकरा वर्षं उत्खनन झालं आणि पंचावन्न हजारांच्या वर वस्तू निघाल्या. त्यांतल्या दोन गोष्टींपाशी मी अडकले. एक, देवमाशाच्या शिकारीचा भाला. त्याच्या टोकाला शिनाण्याच्या शिंपलीचं पातं. आपल्याकडच्या हिरव्या शिनाण्यांचे हे थोरले भाऊ, 'कॅलिफोर्निया मसल', वीतभर वाढतात. दुसरी, देवमाशाच्या पाठीवरच्या पराच्या आकाराचं देवदाराचं कोरीवकाम. त्यावर नक्षीसाठी समुद्री ऊदमांजराचे दात बसवले आहेत, सातशेच्या वर.

ते दात पाहताना एक वाटलं. कातड्याच्या व्यापारापायी वॉशिंग्टनच्या किनाऱ्यावरचं हे ऊदमांजर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पार संपलं. १९६९ आणि १९७० साली अलास्कातल्या अमचिटका बेटावरून एकोणसाठ जनावरं आणून इथे सोडली. आज जी आहेत ती त्यांचीच. म्हणजे पेनने १९६३मध्ये इथे काम सुरू केलं तेव्हा या किनाऱ्यावर ऊदमांजर नव्हतंच. ज्या तारामाशाला त्याने अन्नजाळ्याचा वरचा शिकारी मानलं, त्याच्यावरची एक खुर्ची त्या काळात रिकामी होती. पुस्तकातल्या आकृतीत हे नव्हतं.

संध्याकाळी केप फ्लॅटरी. गर्द देवदारांतून फळ्या टाकलेली वाट, सव्वा-दीड किलोमीटर. आईचे गुडघे दोन ठिकाणी बोलले, पण टोकाला गेल्यावर ती गप्प झाली. अलास्का आणि हवाई सोडले तर अमेरिकेचा हा वायव्येचा शेवट. खाली कपारीत लाटा शिरून धाडधाड वाजतात, समोर टाटूश बेट, त्यावर १८५७ सालचा दीपस्तंभ.

"आत्ता सांग तुझ्या त्या पेनबद्दल," आई कठड्याला टेकत म्हणाली.

रॉबर्ट पेन, वॉशिंग्टन विद्यापीठातला. १९३३चा जन्म, २०१६मध्ये गेला. त्याच्या वेळी अन्नजाळ्यांचा अभ्यास म्हणजे बहुतेक पाहणं आणि मोजणं: कोण कोणाला खातं, किती खातं. त्याने ठरवलं की जाळ्यातला एक धागा ओढून काढायचा आणि काय होतं ते बघायचं. मकाह उपसागराच्या खडकाचा, ज्याला तो 'मुकॉ बे' म्हणायचा, आठ मीटर लांब आणि दोन मीटर उंचीचा एक पट्टा त्याने निवडला. जून १९६३पासून त्या पट्ट्यातला प्रत्येक तारामासा पहारीने उचकटून समुद्रात भिरकावायचा. ते परत चढून यायचे, हा परत भिरकावायचा. शेजारचा पट्टा तसाच ठेवला, तुलनेसाठी.

"आणि विद्यापीठ याचे पैसे द्यायचं?" लेक.

सप्टेंबरपर्यंत खडकाचा साठ ते ऐंशी टक्के भाग बार्नकलांनी, म्हणजे त्या पांढऱ्या चुनखडी टोप्यांनी, व्यापला. पुढच्या जूनपर्यंत शिनाणे आणि हंसबार्नकल यांनी त्या बार्नकलांनाही रेटायला सुरुवात केली. शेवाळं गेली, शेवाळ खाणारे, खडकाला चिकटून राहणारे कवचाचे जीव, लिंपेट आणि कायटन, जागा आणि खाणं दोन्ही संपल्यामुळे हटले. १९६६च्या लेखात त्याने हिशोब दिला: पंधरा प्रजाती होत्या, आठ उरल्या. लेखाचं नावच 'अन्नजाळ्यांची गुंतागुंत आणि प्रजातींची विविधता' असं होतं. खाणारा काढला तर खाल्ले जाणारे सुखाने नांदतील, असं आपल्याला वाटतं. इथे खाणारा गेला आणि खाल्ल्या जाणाऱ्यांतला जो सगळ्यांत दांडगा, त्याने बाकीच्यांना जागेवरून हुसकलं.

आई थोडा वेळ बेटाकडे पाहत राहिली. "म्हणजे सासू होती म्हणून जावा नांदत होत्या."

लेकीला 'जावा' म्हणजे संगणकाची भाषा वाटली. तो खुलासा करण्यात परतीची वाट सरली.

तिसरा दिवस, शुक्रवार

आईने पहाटे साडेपाचला उठवलं. वेळ तिने फोनवर पाहिलेली नव्हती. काल पाणी कुठे होतं ते लक्षात ठेवून रोजचा पाऊण-एक तास पुढे धरला, बस. माझ्या फोनवरच्या, आता योग्य गावाच्या, वेळेशी ताडून पाहिलं तर वीस मिनिटांचा फरक निघाला.

धुकं होतं. खडक आधी वासाने आले: आयोडिनचा, मीठाचा, शेवाळाचा तो उग्र वास. आईने खोल श्वास घेतला आणि चप्पल काढू लागली. बूटच घालायचे, घसरायला होतं, यावर आमचा किरकोळ वाद झाला. बूट जिंकले.

आणि मग ती पुस्तकातली आकृती समोर उभी. वर राखाडी पट्टा बार्नकलांचा. त्याखाली काळानिळा, जाड, दाटीवाटीचा शिनाण्यांचा पट्टा. आणि त्या पट्ट्याची खालची कड अशी सरळ, की कोणी दोरी धरून आखावी. त्या रेषेच्या खाली तारेमासे. जांभळे, नारिंगी, विटकरी, एकमेकांवर हात टाकून कपारीत झोपलेले. एका फुटाच्या कपारीत लेकीने एकवीस मोजले.

ती रेषा आखली कोणी, हे कळलं की सगळा खेळ कळतो. शिनाण्यांना खाली, जिथे पाणी जास्त वेळ असतं, तिथे जास्त आवडेल. पण तिथे तारामासा पोचतो. तारामासा वर जायला बघतो, पण उघड्यावर फार वेळ राहिला तर सुकतो, म्हणून भरतीबरोबर चढायचं, खायचं आणि ओहोटीला मागे यायचं. त्याची मजल संपते तिथे शिनाण्यांची वस्ती सुरू होते.

एक तारामासा मात्र वेळ विसरून जेवत बसला होता, पाठीला कुबड काढून. लेकीने आडवं पडून खालून पाहिलं. शिंपलीच्या दोन्ही झडपांना त्याच्या शेकडो इवल्या पायांची पकड. शिनाण्याला फार उघडायलाही लागत नाही. केसाएवढी फट पडली की तारामासा आपलं पोटच बाहेर काढून त्या फटीतून आत सारतो आणि तिथल्या तिथे पचवतो.

"शी!" लेक म्हणाली आणि अर्धा तास तिथून हलली नाही.

आईचं लक्ष दुसरीकडे होतं. ती शिनाण्यांचा आकार हाताने मापत होती. इथलं काही उचलायचं नाही, हे मी गाडीतच बजावलं होतं. "उचलत नाहीये, बघतेय," ती म्हणाली, पण नजर स्वयंपाकघरातली होती. लहानपणी ती आजीबरोबर सुकतीला खडपांवर जायची, कालवं फोडायला, शिनाणे काढायला. "आपल्याकडे हा नाही," ती तारामाशाकडे बोट दाखवत म्हणाली. "मग आपल्याकडे शिनाण्यांना कोण आवरतं?"

खेकडे, शंख, मासे, असं मी चाचपडत सांगितलं.

"आणि आम्ही," ती म्हणाली.

पेनने १९६९मध्ये अशा प्रजातीला 'कीस्टोन' हे नाव दिलं. कमानीच्या माथ्यावरचा मधला दगड. आकाराने इतरांएवढाच, पण काढला की कमान राहत नाही. शब्द इतका गाजला की आता ज्याला त्याला लावतात, वाघापासून वडापर्यंत. खुद्द या तारामाशाचंही सगळीकडे सारखं चालत नाही. ऑरेगनच्या किनाऱ्यावर ब्रूस मेंगे आणि त्याच्या सहकाऱ्यांनी हाच प्रयोग केला. लाटा आदळतात त्या खडकांवर तारामाशाचा वचक जबर, आडोशाच्या खडकांवर बराच कमी. जाळं कागदावर तेच, पण धाग्यांचा ताण जागोजागी वेगळा. मला वाटतं 'गुंतागुंत' हा शब्द इथेच फसवतो. कागदावर किती बाण काढले याला आपण गुंतागुंत म्हणतो, आणि त्यातला कुठला बाण खरोखर ओढून धरतो हे नुसतं पाहून कळतच नाही. म्हणून त्याला पहार लागली.

इथे लेकीने माझी सगळी मांडणी उधळली. तिच्या वहीत तिने यादी सुरू केली होती. बार्नकल, हंसबार्नकल, लिंपेट, कायटन, शिनाणे, भोकं पाडणारे छोटे शंख, तारामासा, खडकाच्या पायथ्याशी तोंड उघडून बसलेली हिरवी समुद्रफुलं (वरून सुटून पडणारा शिनाणा यांच्या पानात), तीन प्रकारची शेवाळं. अकरा झाले. मग ती शिनाण्यांच्या दाटीत, दोन शिंपल्यांच्या मधल्या फटीत डोळा लावून बसली.

"आई, आत पण लोक आहेत."

आत खरंच लोक होते. शिनाणे ज्या धाग्यांनी खडकाला घट्ट बांधून घेतात, त्या धाग्यांच्या गुंत्यात वाळू साठते, ओल टिकते, आणि त्यात नखाएवढे खेकडे, लाल किडे, उवांसारखे पळणारे जीव, एक सडपातळ, सापासारख्या हातांचा तारा. तिची यादी पाच मिनिटांत दुप्पट झाली.

"तुझ्या त्या सरांनी हे मोजले नाहीत का?"

नाही. पेनच्या पंधरा आणि आठमध्ये हे नव्हते. त्याने खडकाच्या जागेसाठी भांडणारे आणि त्यांच्याबरोबरचे मोठे जीव धरले. पुढे या किनाऱ्यावरच्या शिनाण्यांच्या गाद्या उकलून मोजल्या तेव्हा आत तीनशेच्या वर प्रकार सापडले. म्हणजे शिनाण्यांनी खडक बळकावला की वरची विविधता घटते आणि पोटातली वाढते. पेन चुकला असं नाही. जागेचा मालक एकच झाला हे खरंच. पण मालकाच्या वाड्यात किती भाडेकरू, हा हिशोब वेगळा. परीक्षेत मला कोणी हे विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर माझे पाच मार्क गेले असते.

लेकीने वहीत उभी रेघ मारून दोन रकाने केले: 'खडकावर' आणि 'शिनाण्यांच्या आत'.

पाणी परत वळायच्या आधी एक गोष्ट मुद्दाम शोधली: सूर्यफूल तारामासा. वीस-चोवीस हातांचा, सायकलच्या चाकाएवढा. सापडला नाही, सापडेल असं वाटलंही नव्हतं. २०१३पासून या किनाऱ्यावर तारेमाशांना झिजवणारा रोग आला. हात गळून पडायचे, चार दिवसांत प्राण्याचा लगदा. वीसच्या वर जातींना लागण झाली. जांभळा तारामासा बऱ्याच ठिकाणी पुन्हा उभा राहिला, सूर्यफूल मात्र जवळजवळ नाहीसं झालं. ते सी-अर्चिन, म्हणजे काटेरी गोळ्यासारखे समुद्री जीव, खायचं. ते गेल्यावर, ऊदमांजरही नाही अशा ठिकाणी, अर्चिनांनी केल्पची, म्हणजे उंच वाढणाऱ्या शेवाळाची, समुद्रातली जंगलं फस्त केली. पेनने आठ मीटरवर जे हाताने केलं ते रोगाने हजारो किलोमीटरवर केलं, आणि शेजारी तुलनेसाठी पट्टासुद्धा ठेवला नाही. आम्ही परतल्यावर महिन्याभराने, ऑगस्ट २०२५मध्ये बातमी आली की कारण सापडलं: 'व्हिब्रिओ पेक्टेनिसिडा' नावाचा जिवाणू.

नऊ वाजता पाणी चढलं. लेकीचा एक बूट भरला. दिवसाचा उरलेला भाग झोपेत आणि मेतकूट-भातात गेला.

चौथा दिवस, शनिवार

पाऊस. निघालो.

आई वाटेत बराच वेळ बोलली नाही, आणि पोर्ट एंजेलिसला कॉफी घेताना एकदम म्हणाली, "तो रोज टाकायचा, आणि ते रोज यायचे?"

"रोज नाही. महिन्यातून एक-दोनदा."

"किती वर्षं?"

तो लेख निघाला त्यानंतरही बरीच, मी म्हटलं.

"चिवट," ती म्हणाली. पेनला की तारामाशाला, ते विचारायचं राहिलं.

फेरी उतरल्यावर घराआधीच्या आशियाई दुकानापाशी तिने गाडी थांबवायला लावली. तिथे शेतीत वाढवलेले शिनाणे मिळतात, दोराला लटकवून वाढवतात ते. तीन पौंड घेतले. खडकावर दोन दिवस आवरलेला हात घरच्या सिंकपाशी मोकळा सुटला. ती एकेका शिंपलीचे धागे ओढून काढत होती, मी नारळ खवत होते आणि लेक ओट्याला टेकून बघत होती.

वाफेवर उघडलेल्या एका शिंपलीत, मांसाच्या घडीत, वाटाण्याएवढा गोल, मऊ खेकडा निघाला. आईने तो बशीच्या कडेवर ठेवला. असे आपल्याकडेही निघतात म्हणाली.

लेक वही घेऊन आली. 'खडकावर'मध्ये तो बसत नव्हता, कारण हे शिनाणे खडकावरचे नव्हतेच. 'शिनाण्यांच्या आत' तिने शिंपल्यांच्या मधल्या फटींसाठी केला होता, आणि हा तर थेट शिंपलीच्या आत. पेन्सिल चावत ती उभी राहिली.

"आजी, याला कुठे लिहू?"

"आधी जेव," आई म्हणाली, आणि कढईत फोडणी घातली.